पुलावरची मेंढी

"पुन्हा निसटला," मिस लॅथम म्हणाल्या. पेन्सिल कागदावर टेकवून त्या थांबल्या होत्या. "तिसऱ्या ठोक्यावरचा स्वर. मिस्टर डार्ग, मी तुम्हाला फार पिडतेय, पण एकदा अगदी सावकाश वाजवाल?"

आयझॅक डार्गनं चौथ्यांदा फिडल छातीशी टेकवलं. त्या मुलखातले जुने वाजवणारे ते हनुवटीखाली दाबत नसत. लेकराला धरावं तसं छातीशी धरत. त्यानं गज तारेवर ठेवला, टाचेनं फरशीवर तीन ठोके दिले आणि 'पुलावरची मेंढी' पुन्हा वाजवली. सावकाश वाजवली, पण त्या जागी जे यायचं तेच आलं. चाल पायरीपायरीनं वर चढली, आता माथा गाठणार म्हणेपर्यंत अख्खं सप्तक खाली कोसळली, खालच्या तारेवर धप्पकन आपटली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वर निघाली.

"हाच! हाच तो!"

चुलीपाशी इस्त्री करत असलेली टॅमर, आयझॅकची बायको, मान वर न करता म्हणाली, "निसटत नाहीये ते, बाई. उडी मारतेय."

"कोण उडी मारतंय?"

"मेंढी. आमच्या हॅलबेकची मेंढी पुलावरून खाली उडी टाकते. खिंडीपलीकडची जाते ओलांडून, शहाण्यासारखी."

मिस लॅथम मनापासून हसल्या. पस्तिशीच्या होत्या, लंडनच्या. दोन उन्हाळे त्या उत्तरेकडच्या वेस्टमोरलंडच्या खोऱ्याखोऱ्यांतून सायकलवर फिरत होत्या. पाठीवर पिशवी, पिशवीत पाच रेघांच्या वह्या. म्हातारे वाजवणारे आहेत तोवर त्यांच्या नाचाच्या चाली लिहून घ्यायच्या आणि पुस्तक छापायचं, असा त्यांचा ध्यास. कालच त्या खिंडीपलीकडे जोनस फियरनकडे जाऊन आल्या होत्या. त्यानं हीच चाल वाजवली होती आणि ती वहीत उतरलीही होती. तीच दोन भागांची, तीन लांब ठोक्यांची, प्रत्येक ठोक्याच्या पोटात दोन लहान पावलांची. फक्त जोनसची मेंढी पूल चढत होती, माथ्यावर पोचत होती आणि पलीकडे उतरत होती.

"गज कसा फिरतो तेवढं पाहते," म्हणत मिस लॅथमनी खुर्ची उचलली आणि त्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. आयझॅक इतका वेळ फडताळाकडे डावं अंग करून बसला होता. आता तसं बसता येईना. मिस लॅथमची नजर फिडलच्या मानेवर गेली आणि तिथंच राहिली. करंगळी होती, मधलं बोट होतं, पहिलं बोट होतं. मरंगळीच्या जागी नुसती गुळगुळीत गाठ होती.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "माफ करा. मला कल्पना नव्हती."

"त्यात माफ काय करायचं," आयझॅक म्हणाला.

"अशा हातानं तुम्ही इतकी वर्षं वाजवत राहिलात, हेच केवढं मोठं आहे! आणि काळजी करू नका. पुस्तकात मी चाल पूर्ण छापीन. तुमच्या हातून यायला हवी होती तशी."

टॅमरनं इस्त्री जाळीवर आदळली. ती काही बोलणार एवढ्यात आयझॅकनं फिडल पेटीत ठेवलं, कडी लावली आणि शांतपणे म्हणाला, "उद्या हाय स्केलला मॉसॉपकडे मेंढ्यांची कातरणी आहे. सगळं गाव असेल. काम आटपलं की नाच असतो. या तुम्ही."

तेराव्या वर्षी आयझॅक हॅलबेकच्या रिळांच्या कारखान्यात लागला होता. लँकेशायरच्या सूतगिरण्यांना लागणारी लाकडी रिळं तिथं कातत. ओढ्याच्या पाण्यावर मोठं चाक फिरे, चाकावरून पट्टे जात आणि पट्ट्यांवर ओळीनं लेथ चालत. बर्चच्या लाकडाचा तुकडा लावायचा, पटाशी टेकवायची, रीळ टोपलीत टाकायचं. दिवसाला हजारावर रिळं. संध्याकाळी भुशानं भुवयांसकट पांढरा होऊन बाहेर पडायचं. शनिवारी कुणाचं लग्न, कुणाची कातरणी, कुठं सुगीचा नाच. तिथं खुर्चीवर खुर्ची ठेवून उंचावर बसायचं आणि वाजवायचं. एवढं त्याचं आयुष्य. त्यातला पहिला भाग पोटासाठी होता आणि दुसऱ्या भागासाठी तो पहिला भाग हसत काढत होता.

सव्विसाव्या वर्षी, १९०९ च्या शरदात, बाही पट्ट्यात अडकली. कुणाची चूक नव्हती. त्याची स्वतःचीही फारशी नव्हती. डाव्या हाताची मरंगळी मुळापासून गेली. सात आठवड्यांनी तो कामावर परतला. लेथला उरलेली बोटं पुरतात. फिडलला पुरत नाहीत.

फिडलवर मरंगळीच्या वाट्याला स्वर थोडे येतात, पण नेमके मोक्याचे. चाल चढून जिथं टेकते तो स्वर बहुतेकदा तिचाच. आयझॅकनं करंगळी ताणून पाहिली. ती पोचायची, पण उशिरा. तोवर नाचणाऱ्याचा पाय जमिनीवर येऊन गेलेला असायचा. चार-पाच संध्याकाळी त्यानं प्रयत्न केला आणि मग फिडल खुंटीला लावलं. हिवाळाभर ते खुंटीलाच होतं. ईस्टरच्या नाचाला गावानं खिंडीपलीकडून जोनस फियरनला बोलावलं. आयझॅक गेला नाही. टॅमर गेली. त्यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"कसं वाजवलं त्यानं?" ती परतल्यावर त्यानं विचारलं.

"स्वच्छ."

"म्हणजे चांगलं?"

"स्वच्छ म्हणजे स्वच्छ. इस्त्रीच्या चादरीसारखं. मी दोनदा नाचले नि बसून राहिले."

दुसऱ्या दिवशी तो फिडल घेऊन लाकडाच्या खोपटात गेला. 'मेंढी'च घेतली. वर चढला आणि त्या जागी नसलेलं बोट सवयीनं खाली आलं. तारेवर काहीच टेकलं नाही. स्वर बोंबलला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं संतापानं गज असा काही ओढला की तो शेजारच्या खालच्या तारेवर गेला आणि ती तार मोकळीच घणघणली. तोच स्वर होता. एक सप्तक खाली, पण तोच.

अंगणातून टॅमर ओरडली, "ते काय होतं?"

"चूक!"

"पुन्हा कर!"

त्यानं पुन्हा केलं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की मरंगळीचा कुठलाही स्वर घ्या, त्याचा थोरला भाऊ शेजारच्या तारेवर मोकळा बसलेला आहे. त्याला बोट लागतच नाही. फक्त गजाला झटका द्यायला हवा, आणि तो वेळेवर द्यायला हवा.

त्या जुलैत मॉसॉपच्या कातरणीला तो खुर्चीवर चढला. पहिल्या फेरीत लोकांचे पाय हवेतच राहिले. दुसऱ्या फेरीत कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या फेरीला त्या घरच्या म्हातारीनं, ॲग्नेस मॉसॉपनं, त्या खालच्या स्वराबरोबर आपला क्लॉग फळ्यांवर असा आपटला की छपराचा भुसा खाली आला. लाकडी तळव्याचे, खाली लोखंडी नाळ ठोकलेले ते बूट. एकाचा आवाज दहांना पुरे. पुढच्या फेरीला आठ पाय पडले, त्याच्या पुढच्या फेरीला सगळे. बोटाबद्दल त्या दिवशी कुणी अक्षर काढलं नाही, त्यानंतरही नाही. टॅमर म्हणायची, गावाला विचारलंत तर आयझॅकला किती बोटं आहेत ते कुणाला आठवायचं नाही.

पण शनिवारी सकाळी लेथपाशी उभं राहून आयझॅक बोटंच मोजत होता. बाईचा 'पूर्ण' हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. तिच्या मनात वाईट काही नव्हतं; तेच तर टोचत होतं. ती परकी आहे म्हणून तोंडानं बोलली. गाव आपलं आहे, म्हणून गप्प राहिलं असेल तर? बिचाऱ्याचं बोट गेलंय, पडतो स्वर तर पडू दे, आपण पाय आपटून झाकून घेऊ, असं असेल तर? चोवीस वर्षं आपण त्यांना नाचवत होतो, की ते आपल्याला सांभाळून घेत होते? एक रीळ वाकडं कातलं गेलं. मग दुसरं. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

दुपारी कारखाना सुटल्यावर तो घरी हातपाय धुऊन टॅमरबरोबर हाय स्केलला गेला. कातरणी संपत आली होती. आसपासचे शेतकरी सकाळपासून मॉसॉपच्या मेंढ्या कातरत होते; पुढच्या आठवड्यात मॉसॉप त्यांच्याकडे जाणार होता. कातरलेल्या मेंढ्या लाल रंगाची खूण लेवून लाजल्यासारख्या भिंतीशी उभ्या होत्या. मिस लॅथम आधीच आलेल्या होत्या आणि ॲग्नेसचा मुलगा रोलंड मॉसॉप यानं त्यांना कामाला लावलं होतं. लोकरीचे गठ्ठे वाहून त्यांचे कोपरापर्यंतचे हात तेलकट झाले होते.

"आयझॅक!" रोलंड ओरडला. "या बाईसाहेबांना म्हटलं, तुमच्या पुस्तकात माझ्या मेंढ्यांचंही नाव घाला. त्या काही कमी गात नाहीत!"

मटण, ताजा ब्रेड, आल्याचा केक नि बियर असं सगळं आटपून सहाच्या सुमाराला माणसं कोठाराच्या वरच्या मजल्यावर चढली. उन्हं अजून चांगली वर होती. मोठ्या दारातून आत तिरपी आली होती. समोरासमोर दोन रांगा झाल्या. आयझॅकनं दोन-तीन चाली वाजवल्या. मग कुणीतरी 'मेंढी' मागितली. तेवढ्यात मिस लॅथम पुढं आल्या.

"मिस्टर डार्ग, एक विचारू? मीही थोडंफार वाजवते. तुमच्या गावाला ही चाल एकदा पूर्ण ऐकवू का? माझ्याकडून भेट म्हणून."

टॅमर समोरच्या रांगेत होती. तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "भेट? आयझॅक, तू ते फिडल हातातून सोडलंस तर बघ!"

आयझॅकनं एकवार सगळ्यांकडे पाहिलं. रोलंड, त्याच्या सुना, कारखान्यातले दोघे-तिघे. कुणाच्या चेहऱ्यावरून काही कळेना. विचारून ते कळणारही नव्हतं. खरं काय ते या क्षणी बाहेर पडेल, नाहीतर आयुष्यात कधी पडणार नाही. तो खुर्चीवरून खाली उतरला आणि त्यानं फिडल नि गज मिस लॅथमच्या हातात दिले.

"वाजवा," तो म्हणाला.

समोर वही उघडी ठेवून मिस लॅथम सुंदर वाजवत होत्या. ते आयझॅकला पहिल्या चार स्वरांतच कळलं. गज लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. चाल चढली, माथ्यावर पोचली आणि तो स्वर, चोवीस वर्षांत त्या फिडलमधून न निघालेला, अगदी नितळ, उंच वाजला. आणि नेमक्या त्याच ठोक्यावर सगळ्या गावाचा पाय धाडकन फळ्यांवर पडला.

वर तो नाजूक स्वर, खाली ती धडाड. दोघांची गाठच पडेना. रांगा अडखळल्या. एक बाई नवऱ्याच्या पायावर पडली.

"अहो बाईसाहेब," रोलंड ओरडला, "मेंढी कुठं अडकली? माझा पाय एकटाच गेला खाली!"

"खड्डा बुजवला हो कुणीतरी!" मागून एक आवाज आला, आणि हशा पिकला.

मिस लॅथम लाल झाल्या, पण थांबल्या नाहीत. पुढच्या फेरीत लोकांनी पाय आवरायचा प्रयत्न केला. पाहुणीचा मान राखायचा म्हणून खरोखर केला. आवरेना. तो ठोका आला की पाय जायचाच. वीस-बावीस वर्षांची माणसं होती त्यांच्यात. त्यांनी जन्मात ही चाल दुसऱ्या तऱ्हेनं ऐकली नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं की तिथं काही झाकायचं आहे.

आयझॅक खांबाला टेकून उभा होता. त्यानं मोठा श्वास घेतला आणि तो हसू लागला, आवाज न करता, खांदे हलवत.

मिस लॅथमनी वहीकडे बघणं सोडून दिलं होतं. त्या आता पायांकडे बघत होत्या. तिसऱ्या फेरीला चाल चढू लागली तशी त्यांची बोटं तारेवर एकेक करून पडत गेली. पहिलं, मधलं. मरंगळी त्यांनी उचलली आणि वरच धरून ठेवली. गजाला झटका दिला. मोकळी तार घणघणली आणि तिच्याबरोबर सबंध मजला घणघणला. कोठारात एकच आरोळी उठली.

"आली! आली मेंढी!"

टॅमर रांग सोडून तरातरा आयझॅकपाशी आली. "चल."

"कुठं?"

"कुठं काय? नाचायला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दर नाचाला तू त्या खुर्चीवर नि मी दुसऱ्याच्या हाताला. आज खुर्ची रिकामी आहे."

"मला येत नाही, टॅमर."

"तुझीच चाल आहे!"

"वाजवायला येते. पावलं कुठं येतात?"

तिनं त्याला ओढलंच. आणि खरोखर, त्याला पावलं येत नव्हती. जन्मभर त्यानं माणसांच्या पायांकडे वरून पाहिलं होतं. त्या पायांच्या मध्ये तो कधी उभा राहिला नव्हता. उजवीकडे वळायच्या वेळी तो डावीकडे वळला. डाव्या हाताला रोलंड होता. आयझॅक तो हात पुढं करताना जरासा कचरला. रोलंडनं तो घट्ट पकडला आणि करवादला, "अरे फिर ना बाबा, सगळी रांग खोळंबलीय!" टॅमर दातांतल्या दातांत सांगत होती, "आता पुढे. आता मागे. आता थांब." मग तो ठोका आला. ते मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. तार घणघणली आणि त्याचा पाय सगळ्यांच्या पायांबरोबर खाली गेला. फळ्यांचा हादरा गुडघ्यातून थेट बरगड्यांपर्यंत चढला. हे असं असतं होय, त्याला वाटलं. हे मी केलंय होय.

चाल संपली तेव्हा तो पुरता धापावला होता. भिंतीशी बाकावर बसला. मिस लॅथम फिडल घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसल्या. वही त्यांनी मांडीवर उघडली.

"काल मी चुकीचं बोलले," त्या म्हणाल्या.

"तुम्ही वाजवता छान," आयझॅक म्हणाला. "तो वरचा स्वर. विसरलोच होतो मी, तो कसा लागतो ते."

"तुमची चाल आहे तशी छापणार आहे. जोनस फियरनची वेगळी, तुमची वेगळी. खाली टीप देते. एका अपघातात बोट गमावल्यावर आयझॅक डार्ग यांनी..."

"नको."

"पण मिस्टर डार्ग, वाचणाऱ्याला कळायला हवं, ही केवढी..."

"बोट कारखान्यात गेलं. ते कारखान्यानं लिहून ठेवलंय त्यांच्या वहीत. त्याचा या चालीशी काय संबंध?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "बोट घातलंत की लोक बोटच वाचतील. म्हणतील, बिचारा. इथं कुणी म्हणतं का? तुम्हीच बघितलंत आता."

मिस लॅथमनी पेन्सिल ओठाला लावली. "मग काय लिहू?"

आयझॅकनं थोडा विचार केला. "लिहा, हॅलबेकमध्ये अशी वाजवतात."

"एवढंच?"

"आणखी काय पाहिजे?"

"तुमचं नाव तरी."

"नाव घाला की," टॅमर मध्येच म्हणाली. ती हातात बियरचा मग घेऊन कधीची उभी होती. "नाव स्पष्ट घाला. डार्गमधला र विसरू नका. गेल्या खेपेला वर्तमानपत्रवाल्यानं खाल्ला होता."

मिस लॅथमनी तिच्या समोरच लिहिलं आणि वही फिरवून दाखवली. टॅमरनं अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली.

रांगा पुन्हा लागत होत्या. "आयझॅक, चल रे!" अशा हाका चालल्या होत्या. तो उठला, फिडल घेऊन खुर्चीवर चढला. तारा जुळवल्या. गज उचलला आणि परत मांडीवर ठेवला. दम अजून आवरला नव्हता. पन्नाशीच्या माणसाला एक नाच काही थोडा होत नाही. त्यानं वरूनच हात करून खूण केली, जरा थांबा.

कुणी घाई केली नाही. रोलंडनं दाराशी बोलत बसलेल्यांना गप्प केलं. दोन्ही रांगा एकमेकांचे हात धरून आपापल्या जागी उभ्या राहिल्या, आणि सगळं गाव त्याचा श्वास जागेवर येण्याची वाट पाहत राहिलं.